डाव्या हाताचा कॅमेरा

बाळाजी वाघचौरेच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेस मशीनखाली गेली. त्या दिवशी संध्याकाळी तो इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. त्यानं आधी हाताकडे पाहिलं. पट्ट्यांचा मोठा गोळा झाला होता आणि त्यातून फक्त अंगठा बाहेर आलेला होता. मग छताकडे बघत तो म्हणाला, "बटण उजवीकडेच असतं रे, सदू."

शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरला वाटलं, हा मशीनच्या बटणाबद्दल बोलतोय. तो घाईघाईनं सांगायला लागला की चौकशी होईल, मशीन तपासलं जाईल, कंपनी काळजी घेईल. बाळाजी कशाबद्दल बोलतोय ते त्या खोलीत फक्त मला आणि त्याच्या बायकोला, चांगुणावहिनींना कळलं होतं. वहिनी तोंडाला पदर लावून बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला एकाच चाळीत राहायचो आणि बदलापूरच्या एकाच कारखान्यात कामाला होतो. तो प्रेसवर, मी स्टोअरला. त्याचे वडील नगरकडचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी गाव सोडून इकडे आले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती, पण घरच्या जुन्या माणसांचं एकही चित्र नव्हतं. आजोबा कसे दिसायचे ते बाळाजीला ठाऊक नव्हतं. आई तरुणपणी कशी होती तेही नाही. "आमच्याकडे कुणी कॅमेरा रोखलाच नाही कधी," असं तो हसत सांगायचा.

पहिला कॅमेरा त्याला उल्हासनगरात भंगारवाल्याकडे मिळाला. फाळणीत इकडे आलेल्या सिंधी कुटुंबांच्या घरांतून जुन्या वस्तू निघायच्या. घड्याळं, ग्रामोफोन, अत्तराच्या पेट्या. त्यांत एखादा कॅमेराही असायचा. बाळाजीनं घेतला तो डब्यासारखा चौकोनी होता आणि आतून त्याला गंज चढला होता. तो घेऊन तो कॅम्प दोनमध्ये हासानंदच्या टपरीवर गेला. हासानंद घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचा. त्यानं डबा उघडला, आत फुंकर मारली आणि विचारलं, "ये क्यों लिया, बाला? यात काय ठेवणार?" बाळाजी म्हणाला, फोटो काढणार. म्हातारा हसला, पण त्यानं कॅमेरा चालू करून दिला.

तिथून त्याला नादच लागला. भात्याचा घडीवाला कॅमेरा आला, दोन डोळ्यांचा जपानी आला, रशियन झेनिट आला. काही बंद पडलेले होते, तेही तो घेऊन यायचा. कपाटाचे वरचे दोन खण त्यांनी भरले. पावसाळ्यात भिंगांना आतून बुरशी धरते, म्हणून ऊन पडलं की तो गॅलरीत चटई टाकून सगळे कॅमेरे झाकणं काढून मांडायचा. शेजारच्या बनूबाईंचे पापड एका बाजूला, ह्याचे कॅमेरे दुसऱ्या. बनूबाई चिमण्या हाकलताना त्याच्याही कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायच्या.

रविवारी आम्ही दोघं बाहेर पडायचो. कोणता कॅमेरा न्यायचा ते आदल्या दिवशी ठरायचं, आणि प्रत्येकाची पाळी यायची. कुणाला घरी ठेवलं तर तो रुसतो, असं त्याचं म्हणणं. कधी शिवमंदिर, कधी बदलापूरला नदीकाठी, कधी कोंडेश्वर. पण त्याचं खरं आवडतं ठिकाण म्हणजे वांगणीच्या वरची एक ठाकूरवाडी. तिथं नवसू आणि त्याची बायको ठमी राहायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ठमीनं कॅमेरा बघून तोंड फिरवलं होतं. बाळाजीनं पुढच्या खेपेला वाडीतल्या पोरांचे फोटो छापून नेले, तेव्हा तीच म्हणाली, "माना बी काढ ना एक." एका रोलात मोजकेच फोटो, त्यामुळे तो फार वेळ थांबायचा. माणूस कॅमेरा विसरून आपल्या कामाला लागला की मग बटण दाबायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. कारखान्यात असा चेहरा मी कधी पाहिला नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्या हाताची बोटं गेली.

कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद दुसरा करायचा, हा फक्त दांडा वर-खाली करायचा. डाव्या हातानं जेवायला तो शिकला, शर्टाची बटणं लावायला शिकला, दाढीही जमायला लागली. कॅमेऱ्याचं कपाट मात्र त्यानं बंद केलं ते उघडलंच नाही. पावसाळा आला आणि गेला. गॅलरीत चटई पडली नाही. एकदा तो ड्यूटीवर असताना वहिनींनी कपाट उघडलं, कॅमेरे उन्हात मांडले आणि तो यायच्या आत पुन्हा आत ठेवले. पण घडीवाला कॅमेरा चुकून दुसऱ्या खणात गेला. बाळाजीच्या ते लक्षात आलं.

त्या दिवशी तो जे बोलला ते भिंतीपलीकडून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "हात लावायचा नाही. तुला दोन हात आहेत ते दाखवतेस का मला?"

 दुसऱ्या दिवसापासून वहिनी कपाटाच्या बाजूलाही फिरकल्या नाहीत. त्या घरी ब्लाऊज शिवायच्या, मशीन कपाटाला लागूनच होतं. ते त्यांनी उचलून दाराजवळ नेलं.

मला वाटलं, एकदा बाहेर पडला की सुधारेल. एका रविवारी मी त्याला जवळजवळ ओढतच कोंडेश्वरला नेलं. निघताना त्यानं झेनिट घेतला म्हणून मला बरं वाटलं. कुंडाजवळच्या खडकावर बसून त्यानं आधी सरळ धरून पाहिला. उजव्या तळव्यावर कॅमेरा टेकवायचा आणि डावा हात पुढून वळवून बटणाकडे न्यायचा, तर डोळ्यांसमोर स्वतःचंच मनगट. बटणाला जोडून लांबून दाबायची तार असते, तीही त्यानं आणली होती. तार दाबली की आधाराचा हात थरथरायचा. तीन पायांचं तिकाटणं लावू या, मी म्हणालो. तो म्हणाला, तिकाटणं लावून डोंगराचे फोटो काढतात, चालत्या माणसाचे नाही. मग त्यानं कॅमेरा उलटा केला. उलटा धरला की बटण डावीकडे येतं. डोळ्याला लावला, खाली पोरं पाण्यात उड्या मारत होती त्यांच्याकडे रोखला, आणि डाव्या हाताचं बोट बटणावर न्यायला गेला तेवढ्यात कॅमेरा सटकला. खडकावर आपटला, गडगडत दोन दगडांच्या मध्ये जाऊन अडकला.

मी खाली उतरून तो आणला. भिंगाचा चुरा झाला होता. बाळाजी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तो कुंडाच्या कडेला जाऊन उभा राहिला होता आणि खाली पाण्याकडे बघत होता. त्याच्या उभं राहण्यात असं काही होतं की मी धावत जाऊन त्याचा शर्ट पाठीमागून धरला. बराच वेळ तो हलला नाही. मग शांतपणे म्हणाला, "सोड सदू. मला पोहता येतं."

मी सोडला नाही. तसाच धरून त्याला वाटेपर्यंत आणलं.

मोडका झेनिट घेऊन मी एकटाच हासानंदकडे गेलो. तो दुरुस्त होणार नव्हता हे मलाही कळत होतं, पण कुणाशी तरी बोलायला हवं होतं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाला, "एक उलटा कॅमेरा असतो. जर्मनीचा. बटण लेफ्टला, फिल्म सरकवायचा खटका पण लेफ्टला. मी मुंबईत एकदा खोलला होता. पहिल्यांदा वाटलं, मेरा ही दिमाग फिर गया."

ते मी बाळाजीला सांगितलं. तो गेटवर स्टुलावर बसला होता. त्यानं मला तीनदा तेच विचारलं. बटण डावीकडे? मुळातच डावीकडे? म्हणजे कुणी बदलून घेतलेलं नाही, कारखान्यातूनच तसा? मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "म्हणजे तो बनवताना त्यांना माझ्यासारखा माणूस माहीत होता."

तसं काही नसणार. ज्यानं तो बनवला त्याची काही वेगळी सोय असेल. पण मी काही बोललो नाही, कारण कित्येक महिन्यांनंतर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. पुढचे दिवस बघता त्या वेळी मी बोलायला हवं होतं की नको होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्याचे सगळे रविवार शोधात जाऊ लागले. चोरबाजार, फोर्टातली जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं, ठाण्यातले स्टुडिओ. कुणी सांगितलं, नाशकात एका म्हाताऱ्या वकिलाकडे आहे, तर हा नाशकाला. वकील वारले होते आणि त्यांच्याकडे दुर्बीण होती. डोंगर, नदी, वाडी सगळं सुटलं. मी बरोबर जायचो तेव्हा तो माझ्याशीही फारसा बोलायचा नाही. दुकानात शिरला की काउंटरवरच्या कॅमेऱ्यांवरून नजर फिरवायचा, फक्त डावी बाजू बघायचा आणि बाहेर पडायचा. जे कॅमेरे पूर्वी त्यानं तासभर हातात घेऊन बघितले असते, त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघेना. घरचे कॅमेरे तो एकेक करून कुणाकुणाला देत सुटला. कुणी म्हणायचं, मी शोधून देतो, हा तुमचा घडीवाला द्या. तो देऊन टाकायचा. पुष्कळसे तसेच गेले.

मग कल्याणचा एक दलाल भेटला. त्यानं बाळाजीला एका कॅमेऱ्याचा फोटो दाखवला आणि तो त्याच्याकडेच ठेवू दिला. बटण डावीकडे, खटका डावीकडे. माल पुण्याला आहे, आठवड्यात आणतो, पण बदल्यात दोन डोळ्यांचा जपानी हवा. तो जपानी म्हणजे बाळाजीचा जीव की प्राण. वाडीतले सगळे चांगले फोटो त्यातलेच. तो त्यानं कापडात गुंडाळून नेऊन दिला.

आठवड्यानं खोकं आलं. बाळाजीनं ते माझ्यासमोर उघडलं. आत साधा कॅमेरा होता आणि बटण उजवीकडे होतं. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. मग खिशातून तो फोटो काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. निगेटिव्ह उलटी लावून छापलेला फोटो होता तो. कॅमेऱ्याच्या कपाळावरचं नाव आरशात दिसावं तसं उलटं छापलं गेलं होतं, चांगलं ठळक.

बाळाजी स्वतः मोरीत लाल बल्ब लावून फोटो छापायचा. अशी चूक त्याच्याही हातून कितीदा झाली असेल. ती बघताक्षणी त्याला कळायला हवी होती. "नाव उलटं आहे," तो म्हणाला. "आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. झोपताना बघायचो. नाव उलटं आहे हे मला दिसलं नाही, सदू."

आम्ही कल्याणला गेलो. दलालाच्या पत्त्यावर पिठाची गिरणी होती.

त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं. तो ड्यूटीवरून यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा नवसू वांगणीहून त्याला शोधत चाळीत आला, बरोबर तांदूळ घेऊन. वाडीवर सगळे विचारतात, फोटोवाला का येत नाही. बाळाजी उठून बसला, पण उजवा हात चादरीखालून काढला नाही. नवसूनं काय ते ओळखलं असावं. तांदूळ कोपऱ्यात ठेवून तो निघाला. त्याला दारापर्यंत सोडायला वहिनी गेल्या. परत आल्या तेव्हा बाळाजी म्हणाला, "त्याला सांगायचं होतंस, मेला म्हणून."

 वहिनी त्या काळात काय करत होत्या ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. शिलाईचं सामान आणायला त्या उल्हासनगरला जायच्या, तेव्हा दर खेपेला भंगारवाल्यांकडे चौकशी करत होत्या. कॅमेऱ्याचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. "डाव्या हातानं चालतो असा आहे का?" एवढंच विचारायच्या. लोक हसायचे. एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर त्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून एकट्याच जुन्या बाजारात गेल्या. कुलपं, नळ, सायकलींच्या चेन मांडलेल्या एका माणसाच्या गोणपाटावर तो पडलेला होता. वहिनींनी तो उचलला आणि डाव्या हाताचं बोट कुठं बसतं ते पाहिलं.

तो त्यांनी कसा मिळवला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुण्याहून आल्या तशा सरळ आत गेल्या आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून त्याच्यासमोर ठेवली. मी योगायोगानं तिथंच होतो. बाळाजीनं टॉवेल बाजूला केला. हात लावला नाही. आधी नाव नीट वाचलं. मग डाव्या हातानं उचलला. तर्जनी आपोआप बटणावर गेली. त्यानं खटका ओढला, दाबला. आवाज झाला.

तो बायकोला काहीच बोलला नाही. चांगला शब्द नाही, वाईटही नाही. संध्याकाळपर्यंत गॅलरीत बसून खटका ओढत होता आणि दाबत होता. मग त्यानं माझ्याकडून रोल मागवला. रोल भरायला दोन हात लागतात. एका हातानं झाकण धरलं तर फिल्मची जीभ आत सरकवायला दुसरा हात नाही. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा फिल्म घरंगळली. मी पुढे होणार, तेवढ्यात तो दाराकडे बघून म्हणाला, "चांगुणा, जरा धर."

शिलाई मशीन थांबलं. त्या उठून आल्या आणि धरलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं वांगणीला गेलो. वाडीवर सगळ्यांनी बाळाजीला गराडा घातला. त्यानं नवसूचा काढला, ठमीचा काढला, भात झोडणाऱ्या बायांचा काढला. चालत्या माणसांचे काढले. उतरताना तो गाणं गुणगुणत होता. खरं तर त्याला गाता येत नाही.

रोल धुतला. प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके. ठमीच्या कपाळावर, गालावर, साडीवर, जणू देवी आल्यात. सगळे फोटो तसेच. हासानंदनं कॅमेरा उघडला आणि उजेडापुढे धरला. शटर म्हणजे आतला काळा कापडी पडदा, तो म्हातारा होऊन पिचला होता, त्याला बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून उजेड शिरत होता. "कपडा मर गया है, बाला," तो म्हणाला. "नवा कपडा मिळत नाही. आणि मिळाला तरी माझे डोळे आता राहिले नाहीत." त्याला मोतीबिंदू झाला होता. कॅमेरा परत देताना त्याचा हात बाळाजीचा हात चाचपडत होता.

घरी येऊन बाळाजी जमिनीवर बसला आणि रडला. बोटं गेली तेव्हा तो रडला नव्हता, दलालानं फसवलं तेव्हाही नाही. मोठा माणूस मोठ्यानं रडायला लागला की काय करावं ते कळत नाही. चाळीतली माणसं दारात जमली, मी त्यांना घालवलं. तो म्हणत होता, आता नको, आता खरंच नको, हे सगळं उचल आणि खाडीत टाक.

वहिनी त्याच्या समोर बसल्या. कॅमेरा मांडीवर घेतला आणि मागचं झाकण उघडून पडद्याला नखानं हलकंच स्पर्श करून पाहिलं. म्हणाल्या, "कापडच आहे ना? कापड मला कळतं."

बाळाजीनं कॅमेरा त्यांच्याकडून काढून घेतला नाही.

त्या हिवाळ्यात त्या दोघांनी ते काम केलं. सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्यूशन आणलं, त्यात काजळी घोटली. बाळाजी पडद्यामागे टॉर्च धरायचा आणि कुठं भोक आहे ते सांगायचा. वहिनी सुईच्या टोकावर थेंब घेऊन ते बुजवायच्या. जरा दाट झालं की पडदा चिकटायचा, मग खरवडून पुन्हा पहिल्यापासून. भांडणंही व्हायची. "तिकडे नाही, वर," "मला दिसतंय, तुम्ही टॉर्च हलवू नका." निदान त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

काम झालं, पण पूर्ण झालं नाही. ठिपके गेले, पडदा मात्र जड झाला. तो वाटेत रेंगाळायचा, त्यामुळे फोटोची एक बाजू अंधारी यायची. कधी थोडी, कधी अर्धी. त्यावर दोघांनी खूप डोकं चालवलं, पण ते काही सुधारलं नाही. पहिला तसा रोल धुतला तेव्हा नवसूचा अर्धा चेहरा आणि खांद्यावरची कुऱ्हाड तेवढी दिसत होती, बाकी काळोख. बाळाजीनं तो फोटो बराच वेळ हातात धरला. मला भीती वाटली, आता पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. तो पडला नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी त्याला फोटोच्या उजळ बाजूला उभा करायचा."

ब्याण्णवच्या मे महिन्यात हासानंद गेला. त्याच्या टपरीत त्याच्या मुलानं जीन्सचं दुकान काढलं. पुढे दोन वर्षांनी आमचा कारखाना बंद पडला आणि बाळाजीनं अंबरनाथची खोली सोडून वांगणीला लहानशी जागा घेतली. वहिनी तिथं ब्लाऊज शिवतात. कपाटात आता तो एकच कॅमेरा आहे. बाकीचे गेले ते गेलेच, आणि त्यांतल्या जपानीचं नाव निघालं की तो अजून विषय बदलतो.

मागच्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो होतो. रविवार होता. हात थंडीत फार दुखतो म्हणाला. तो वाडीवर निघायच्या तयारीत होता, वहिनी खिडकीच्या उजेडात रोल भरून देत होत्या. मी विचारलं, फोटो येतात का नीट?

"निम्मे येतात," बाळाजी म्हणाला आणि पट्टा गळ्यात अडकवून चपला शोधायला लागला.